शोरूममधली फायनान्स-इन्शुरन्स मॅनेजरची नोकरी : घ्यावी का?

पक्या_१३

नमस्कार मंडळी,

सोलापुरात एका पतसंस्थेत कर्जविभाग सांभाळतो. वसुलीला फिरून चप्पल आणि तोंड दोन्ही झिजलं. आता होटगी रोडच्या बाजूला एका गाड्यांच्या शोरूममधून बोलावणं आलंय. पद फायनान्स-इन्शुरन्स मॅनेजर. फिक्स २८ हजार, वर इन्सेन्टिव्ह. मालक ओळखीतले. ते म्हणाले, "पगाराकडं बघू नको, वरचं बघ." हे ऐकून बायको खूश आणि वडील नाराज. वडिलांचं म्हणणं, लोकांना कर्जातच ढकलायचंय तर पतसंस्था काय वाईट होती?

या टेबलावर कुणी बसलंय का? दिवसभर नेमकं काय करावं लागतं, 'वरचं' कुठून येतं, आणि चार पै मिळवून गावात मान वर करून फिरता येतं का, हे जाणून घ्यायचंय. ग्राहक म्हणून आलेले अनुभवही चालतील. शिव्या सौम्य भाषेत द्याव्यात.

शेंगाचटणी

म्हणजे दारात येऊन हप्ता मागणारा पक्या आता एसीत बसून हप्ता लावणार. प्रगती हाय की बे!

पुणेकर_तात्पुरता

मला वाटायचं हे साहेब फक्त टेफ्लॉन कोटिंग आणि सीट कव्हर गळ्यात मारतात.

शेंगाचटणी

ते अॅक्सेसरीजवाले. हे साहेब सीट कव्हरचे पैसेसुद्धा कर्जात बसवून देतात.

जुनाखाते

पक्याभाऊ, हे काम मी सोलापुरातच दोन शोरूममध्ये केलंय. आता स्वतःची विम्याची एजन्सी आहे, त्यामुळं कुणाची भीड नाही.

आधी 'वरचं' कुठून येतं ते सांगतो. नव्या गाडीवर डीलरला मार्जिन बेताचं, आणि त्यातलंही बरंच ग्राहक डिस्काउंट म्हणून काढून घेतो. शोरूमचं भाडं, वीजबिल आणि पगार निघतात ते वर्कशॉप, अॅक्सेसरीज, विमा आणि फायनान्सवर. तुमच्या हातून ज्या बँकेत फाईल जाते, ती बँक कर्जाच्या रकमेवर डीलरला पेआउट देते. विमा कंपनी प्रीमियमवर देते. त्यातला एक तुकडा तुमचा. म्हणून महिनाअखेरीला मालक तुम्हाला दोनच गोष्टी विचारणार. गेलेल्या गाड्यांपैकी किती कर्जं आपल्या टेबलावरून झाली, आणि किती विमे आपल्याकडून निघाले. बाकी तुम्ही कितीही गोड बोला.

आता काम. सकाळी मीटिंग : काल लॉगिन (बँकेत दाखल फायली) किती, सँक्शन (मंजुरी) किती, डीओ (गाडी सोडायची बँकेची डिलिव्हरी ऑर्डर) किती आले. त्यानंतर दिवसभर फोन. पगारदाराची फाईल सोपी. पगारपत्रक, फॉर्म १६, बँक स्टेटमेंट, झालं. खरी परीक्षा आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची. माणूस पंढरपूरकडचा द्राक्षवाला, नाहीतर करमाळ्याचा केळीवाला. दारात दोन ट्रॅक्टर, बोलणं भारदस्त, आणि सातबारा अजून आजोबांच्या नावावर! वारसनोंद झालेली नाही, उताऱ्यावर सोसायटीचा बोजा, आयटी रिटर्न कधी भरलेलं नाही. मग ८अ (एकूण जमिनीचा उतारा), कारखान्याची ऊसबिलं, दूध डेअरीचे पगार, बेदाण्याच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशोबाच्या पावत्या) असं सगळं गोळा करून बँकेला पटवायचं की हा माणूस हप्ता भरेल. बहुतेक वेळा तो भरतोही. फक्त महिन्याला नाही भरत, पट्टी आली की भरतो. काही फायनान्स कंपन्या सहामाही हप्ता लावून देतात. कुठल्या देतात, हे तुम्हाला तोंडपाठ पाहिजे.

उसावर अवलंबून असलेल्याचा हप्ता जपून लावा. नियम सांगतो की ऊस गेल्यावर १४ दिवसांत एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) मिळाली पाहिजे. कारखान्याला ऊस घालणाऱ्या कुणालाही विचारा ती कधी मिळते ते.

गाडी गेली म्हणजे फाईल संपली, असंही समजू नका. एचपी (बँकेचा बोजा) चढलेली आरसी, इनव्हॉइस, विम्याची प्रत हे सगळं बँकेत जमा होईपर्यंत पीडीडी (कर्ज दिल्यानंतर द्यायची कागदपत्रं) पेंडिंग. ते थकलं की बँक पेआउट अडकवते आणि मालक तुमचा इन्सेन्टिव्ह. माझे निम्मे रविवार आरसीच्या मागं गेलेत.

मान वर करून फिरता येतं का, ते सवडीनं लिहितो. आता गिऱ्हाईक आलंय.

मंगळवेढ्याची_ज्वारी

जुनाखाते यांनी शेतकऱ्याची बाजू बरी मांडली, आता टेबलाच्या अलीकडची ऐका. आमच्या दिरांनी जुनी गाडी घेतली, एका फायनान्स कंपनीचं कर्ज. शोरूमवाला म्हणाला, "वहिनी, ९ टक्के फक्त." बँकेतही नऊच चालू होतं, म्हणून कुणी जास्त चौकशी केली नाही. घरी आल्यावर मी हप्त्याला महिन्यांनी गुणलं.

५ लाख, ५ वर्षं. बँकेचं ९ टक्के घटत्या शिलकीवर असेल तर हप्ता साधारण १०,३८० येतो आणि पाच वर्षांत व्याज जातं १ लाख २३ हजारांच्या आसपास. यांचं ९ टक्के फ्लॅट होतं. म्हणजे फेडलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज. हप्ता १२,०८३, व्याज सरळ सव्वादोन लाख! घटत्या शिलकीच्या हिशोबात तो दर पंधरा-सोळा टक्क्यांवर जातो.

खोटं कुणीच बोललं नव्हतं. नऊच म्हणाले होते. पक्याभाऊ, तुम्ही त्या खुर्चीत बसलात तर 'फ्लॅट' हा शब्द तुमच्या तोंडून निघणार की ग्राहकानं विचारला तरच निघणार, तेवढं वडिलांना सांगा. त्यांचा निम्मा राग जाईल.

शेंगाचटणी

वहिनी, तुम्हीच ती नोकरी घ्या.

निवृत्त_शाखाधिकारी

मंगळवेढ्याच्या ताईंचा हिशोब बरोबर आहे. त्यात भर घालतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेनं सर्व किरकोळ कर्जांना 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' सक्तीचं केलं आहे. त्या कागदावर एपीआर म्हणजे सगळे आकार धरून पडणारा वार्षिक दर छापावा लागतो. प्रोसेसिंग फी धरून. कर्जासोबत घातलेला विम्याचा हप्तासुद्धा धरून. फ्लॅट असो की गोल, त्या एका आकड्यात सगळं उघडं पडतं. हा कागद सही करण्यापूर्वी मागावा आणि घरी नेऊन वाचावा.

माझं स्पष्ट मत असं की शोरूमच्या टेबलाची गरजच नाही. ग्राहकानं थेट आपल्या बँकेच्या शाखेत जावं. मधला माणूस आला की त्याचा खर्च कुणाच्या तरी खिशातून निघतोच.

सौ_सातरस्ता

शाखाधिकारी काका, नमस्कार करून भांडते. 😄

मी सध्या हेच काम करते, मॅनेजरच्या हाताखाली. तुमच्या शाखेत थेट गेलेला माणूस आमच्याकडं परत येतो, कारण शाखेतले साहेब म्हणतात, "मंगळवारी या." मंगळवारी सर्व्हर डाऊन असतो. पुढच्या मंगळवारी साहेब ट्रेनिंगला. तोवर त्याचा मुहूर्त टळलेला. आम्ही त्याच बँकेत, त्याच दरानं, दोन-तीन दिवसांत सँक्शन आणून देतो, कारण फाईल अर्धवट जात नाही. सही पॅनकार्डासारखीच पाहिजे, स्टेटमेंटच्या पीडीएफला पासवर्ड नको, आधारवरचा पत्ता आणि राहता पत्ता वेगळा असेल तर वीजबिल जोडायचं. एवढंसंच असतं, पण ते बघायला कुणीतरी लागतं. तेलगू बोलणाऱ्या आजींना जामीनदार म्हणजे काय हे त्यांच्या भाषेत सांगायलाही कुणीतरी लागतं. आमच्या अशोक चौकाकडच्या गिऱ्हाइकांना मी ते सांगते.

पक्यादादा, या कामाचं कॅलेंडर वेगळं आहे. पितृपक्षात डिलिव्हरी जवळजवळ शून्य, पण फायली त्याच पंधरवड्यात लॉगिन करून ठेवायच्या. नवीन मुलं पितृपक्षात निवांत बसतात आणि दसऱ्याला रडतात. पाडव्याला सगळ्यांना सकाळचाच मुहूर्त. डीओ आलेला नसतो, हार-नारळ आलेले असतात. बँकेच्या माणसाचा फोन स्विच ऑफ, आणि समोर सगळं खानदान नवे कपडे घालून उभं. तिथं शांत राहणं हाच निम्मा पगार.

२०२५ ची घटस्थापना तर विसरणार नाही. २२ सप्टेंबरलाच जीएसटी कमी झाला, छोट्या गाड्या २८ वरून १८ टक्क्यांवर आल्या. घट बसले आणि भावही बसले. आनंदच. पण आधी सँक्शन झालेल्या फायली जुन्या किमतीवरच्या! कोटेशन बदला, विम्याची आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) बदला, कर्जाची रक्कम बदला, बँकेला परत पाठवा. आणि त्याच आठवड्यात सीनेला पूर आला. डिलिव्हरीला यायची माणसं माढा-मोहोळकडं पाण्यात अडकलेली.

आणि एक न बोलला जाणारा प्रकार. लग्नसराईत एक फाईल येते : कर्ज मुलीच्या वडिलांच्या नावावर, आरसी होणाऱ्या जावयाच्या नावावर पाहिजे. बँक नाही म्हणते, ज्याची गाडी तो कर्जदार नाहीतर सहकर्जदार पाहिजेच. मग जावईबापू "माझं सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) कशाला" म्हणतात. वडील खाली बघत बसतात. कायद्यानं हुंडा १९६१ पासून बंद आहे, पण आमच्या टेबलावर तो ऑन-रोड किमतीसकट येतो. मी अशा फायलीत जावयाला सहकर्जदार केल्याशिवाय लॉगिन करत नाही. त्यातून एक-दोन गाड्या गेल्याही हातच्या. जाऊ देत.

पुणेकर_तात्पुरता

सौ_सातरस्ता, शेवटच्या परिच्छेदाला +१००.

निवृत्त_शाखाधिकारी

सर्व्हरबद्दलचा टोला मान्य. मंगळवारचा मान्य नाही. आम्ही बुधवारी बोलवायचो.

पांजरापोळ_चौक

पुराचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी बॉडीशॉपला असतो. थोडं अवांतर, पण विमा विकणाऱ्यानं हे ऐकलंच पाहिजे.

लांबोटीजवळ पाणी आलं, पुण्याचा हायवे बंद पडला, त्या दिवसांत क्रेनवर लागोपाठ गाड्या आल्या. एक गाडी चांगली दोन वर्षांची. पाणी सीटपर्यंत आलेलं. पाणी ओसरल्यावर गाडीमालकाच्या मेव्हण्यानं "बघू चालू होती का" म्हणत सेल मारला. एकदाच. सिलिंडरमध्ये पाणी, पिस्टन वर येतोय, पाणी काही दबत नाही. कनेक्टिंग रॉड वाकला. इंजिन खोललं तेव्हा तो रॉड मी गाडीमालकाच्या हातात दिला, केळीसारखा वाकडा.

आता विमा बघा. साध्या पॅकेज पॉलिसीत पुराचं नुकसान येतं. सीट, वायरिंग, साफसफाई सगळं मिळालं. इंजिन नाही, कारण सर्व्हेअर म्हणाला, ते पुरानं नाही, पाण्यात चालू केल्यानं गेलं. इंजिन प्रोटेक्ट (इंजिनसाठीचं जादा कव्हर) असतं तर बोलायला तरी जागा होती. पॉलिसी काढताना "आपल्या सोलापुरात कुठला आलाय पाऊस" म्हणत ते कव्हर काढायला लावलं होतं. दुष्काळी जिल्हा ना आपला!

मालकाचा राग माझ्यावर नव्हता, त्याला पॉलिसी देणाऱ्यावर होता. त्यानं म्हणे सांगितलंच नव्हतं. सांगितलं असेलही, पण कागदावर काही नव्हतं. तर पक्या साहेब, ग्राहकानं जे कव्हर नाकारलं त्यावर त्याची सही घेत चला. आणि गाडी पाण्यात सापडली तर सेल मारायचा नाही, बॅटरीचं टर्मिनल काढायचं आणि ढकलत नाहीतर क्रेननं आणायची. हे डिलिव्हरीच्या वेळी सांगायला दोन मिनिटं लागतात.

शेंगाचटणी

मेव्हणा सध्या कुठं असतो?

पांजरापोळ_चौक

वर्ष झालं, सासुरवाडीला आलेला नाही.

कायदापंडित

धाग्यात माहिती चांगली येते आहे, थोडी नियमांची बाजू.

विमा डीलरकडूनच घ्या, नाहीतर गाडी देत नाही, असं म्हणता येत नाही. विमा नियामकानं २०१७ मध्ये डीलरांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. विमा विकणारा डीलर त्यानुसार 'मोटर इन्शुरन्स सर्व्हिस प्रोव्हायडर' म्हणून नेमलेला असावा लागतो, विक्री करणारी व्यक्ती प्रशिक्षण आणि परीक्षा झालेली लागते, आणि ग्राहकावर सक्ती करायची नाही. पक्या_१३, तुम्हाला ती परीक्षा द्यावी लागेल. अवघड नाही.

नव्या कारला थर्ड पार्टी (समोरच्याच्या नुकसानीचा) विमा ३ वर्षांचा सक्तीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळं सप्टेंबर २०१८ पासून. ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) मात्र १ वर्षाचा घेतला तरी चालतो. म्हणजे दुसऱ्या वर्षी ओन डॅमेज दुसऱ्या कंपनीकडून घेता येतो. बरेच लोक पहिल्या पॉलिसीवर ३ वर्षं बघून निर्धास्त होतात आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरणच करत नाहीत. मग गाडी ठोकली की कळतं, आपण समोरच्याची भरपाई देऊ शकतो, स्वतःचा बंपर नाही.

रोखीचं सांभाळा. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. घेणाऱ्याला, म्हणजे शोरूमला. १० लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस (विक्रेत्यानं आगाऊ घेतलेला आयकर) कापला जातो, तो रिटर्नमध्ये परत मिळतो किंवा करात वळता होतो. हे ग्राहकाला कुणी सांगत नाही.

मंगळवेढ्याची_ज्वारी

रोख नको म्हटल्यावर आमच्याकडचे पाव्हणे दुखावतात हो. "पैसा काय चोरीचा हाय का?" म्हणतात. बेदाण्याचे पैसे पिशवीत घेऊन येणारा माणूस चेकबुकाला हात लावत नाही.

सौ_सातरस्ता

ताई, त्यांना मी म्हणते, "अण्णा, पैसा तुमचाच, फक्त बँकेतून फिरून येऊ दे." ऐकतात. चहा मात्र दोनदा लागतो.

टेक्सासचा_अण्णा

मूळचा साखर पेठेतला, आता बरीच वर्षं डॅलसजवळ. इकडं हे पद फार प्रसिद्ध आहे. मान पण आहे आणि शिव्या पण. माझा एक मित्र त्या खुर्चीत आहे, त्याच्याकडून ऐकलेलं आणि गाडी घेताना भोगलेलं सांगतो.

गाडीचा भाव ठरेपर्यंत तुम्ही थकता. मग तुम्हाला एका छोट्या खोलीत नेतात. तिथला माणूस अगदी सज्जन. बँकेनं डीलरला समजा ६ टक्के दर दिलेला असतो, तो तुम्हाला ८ सांगतो. मधला फरक डीलरचा. यावर बँकांची स्वतःची मर्यादा असते, साधारण दोन-अडीच टक्क्यांची, पण किती वर लावलाय हे तुम्हाला आपणहून कुणी सांगत नाही. मग एक तक्ता पुढं येतो : वाढीव वॉरंटी, टायर-रिम संरक्षण, आणि गॅप. गॅप म्हणजे गाडी पूर्ण गेली आणि विम्याचे पैसे कर्जापेक्षा कमी पडले, तर मधलं अंतर भरणारं कव्हर. सगळं "महिन्याला फक्त अमुक डॉलर" या भाषेत. एकूण किती, ते तुम्ही विचाराल तेव्हा.

गंमत म्हणजे पदाच्या नावात इन्शुरन्स असला तरी गाडीचा नेहमीचा विमा तिथं सहसा विकत नाहीत. तो आपण आपला घेऊन जायचा.

मित्राच्या कमाईत पगार थोडा, कमिशन जास्त. पण ग्राहकानं नंतर वॉरंटी रद्द केली की ते कमिशन परत कापतात. डिसेंबर २०२३ मध्ये इथल्या व्यापार आयोगानं डीलरांच्या लपवाछपवीविरुद्ध नियम काढला होता, तो जानेवारी २०२५ मध्ये कोर्टानं प्रक्रियेच्या मुद्द्यावर रद्द केला. म्हणजे खोली आहे तशीच आहे.

अवांतर : कुणी येणार असेल तर शेंगाचटणी पाठवा. आयडी नको, खरी.

शेंगाचटणी

भावना दुखावल्या आहेत.

जुनाखाते

उरलेलं लिहितो. अण्णांनी सांगितलेली 'महिन्याला फक्त' भाषा आपल्याकडंही पोचलीय.

सोलापुरात मान वर करून फिरता येतं का? येतं. पण इथं गाव लहान आहे. आज ज्याला फाईल केली तो उद्या गड्ड्याच्या यात्रेत भेटतो, परवा त्याच्या मेव्हण्याचं लग्न आपल्याच गल्लीत असतं. मोठ्या शहरात गिऱ्हाईक एकदा येतं, इथं एक शेतकरी खूश झाला की भावकीतल्या पाच गाड्या आपल्या टेबलावर येतात. नाराज झाला की त्याच पाच समोरच्या शोरूमला जातात.

घसरण कुठं होते ते सांगतो. कर्ज सुरक्षा म्हणून एक आयुर्विमा असतो, तो कर्जाच्या रकमेतच घालतात. वस्तू वाईट नाही. घरात कमावता एकच असेल तर मी स्वतः घ्यायला सांगतो. पण ग्राहकाला ८ लाख कर्ज हवं असतं, सँक्शन लेटरवर ८ लाख १८ हजार दिसतं आणि तो विचारतो, "हे काय?" तेव्हा "ते बँकेचं असतं, लागतंच" असं उत्तर दिलं की झालं. तिथून पुढं तुम्ही विकणारे राहिलात, सांगणारे राहिला नाहीत. लागतंच असं काही नसतं.

दुसरं एनसीबी, म्हणजे नो क्लेम बोनस. जुनी गाडी विकून नवी घेणाऱ्याकडं पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत नो क्लेम बोनस असतो. तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. जुनी गाडी विकली की विमा कंपनीकडून पत्र घ्यायचं, नव्या गाडीच्या ओन डॅमेज प्रीमियमवर तेवढी सूट. ओन डॅमेज २४ हजार असेल तर सरळ १२ हजार वाचले. आता प्रीमियम निम्मा झाला की डीलरचं कमिशनही निम्मं होतं. म्हणून बऱ्याच टेबलांवर हा प्रश्न विचारलाच जात नाही. मी विचारायचो. मालक बोलायचे, मी ऐकून घ्यायचो. तो ग्राहक पुढच्या वर्षी नूतनीकरणाला परत यायचा, आणि आज माझी एजन्सी त्याच लोकांवर चालते.

आणि ग्राहक मंडळींनो, तुम्हीही काही साधे नाही. बाहेरचं कोटेशन आणून "बघा, सहा हजारांनी स्वस्त" म्हणता. बघितलं तर आयडीव्ही लाखभर खाली आणि झिरो डेप (सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई देणारं कव्हर) गायब. तुलना करायची तर आयडीव्ही तीच ठेवा, कव्हर तीच ठेवा, मग भांडा. झिरो डेप नसेल तर बंपरसारख्या प्लास्टिकच्या भागावर निम्मे पैसे खिशातून जातात.

पक्याभाऊ, मालकाला तीन गोष्टी विचारा आणि कागदावर घ्या. इन्सेन्टिव्ह फायलींच्या संख्येवर आहे की पेआउटवर? ग्राहकाचे पहिले हप्ते बाऊन्स झाले तर तुमच्याकडून कापणार का? बाहेरचा विमा आणणाऱ्याला तुम्ही हो म्हटलं तर चालेल का? पेआउटवर असेल तर जास्त पेआउट देणाऱ्या बँकेकडं, म्हणजे बहुधा ग्राहकाला महाग पडणाऱ्या बँकेकडं, तुमचा हात आपोआप वळणार. संख्येवर मागा.

निवृत्त_शाखाधिकारी

जुनाखाते, शेवटचा मुद्दा शंभर नंबरी. माझं आधीचं विधान थोडं सैल करतो. असा माणूस टेबलावर असेल तर ग्राहकानं तिथं बसायला हरकत नाही. कागद मात्र घरी नेऊनच वाचावा.

मोहोळचा_बंड्या

वाखूसा (वाचनखूण साठवली). गाडी घ्यायची ऐपत नाही, पण धागा आवडला.

पक्या_१३

सगळ्यांचे आभार. काल मालकांकडं जाऊन आलो. जुनाखाते यांचे तिन्ही प्रश्न विचारले. मालक थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "कुणी शिकवून पाठवलंय तुला?"

संख्येवर इन्सेन्टिव्ह द्यायला तयार आहेत, रक्कम थोडी कमी करून. बाऊन्सचं कापणार, पण पहिल्या तीन हप्त्यांपुरतंच. बाहेरच्या विम्याचं म्हणाले, "डिलिव्हरी अडवायची नाही, तोंड वाकडं करायची मुभा आहे." फ्लॅट दरानं देणाऱ्या कंपनीची फाईल आली तर हप्ता, मुदत आणि एकूण परतफेड असे तीन आकडे छापून देणार, हे मी सांगितलं. त्यावर हो पण नाही म्हणाले आणि नाही पण नाही म्हणाले.

वडिलांना मंगळवेढ्याच्या ताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांनी स्वतः कागदावर हिशोब मांडून बघितला, मग विचारलं, "आपल्या पतसंस्थेचा दर कुठला?" घटता आहे म्हटल्यावर जेवले.

पौष सरला की रुजू होतोय. सौ_सातरस्ता, आपण एकाच शोरूममध्ये निघालो तर सांभाळून घ्या.

सौ_सातरस्ता

पीडीडीची फाईल आधी तुमच्या टेबलावर ठेवते, मग सांभाळते.

शेंगाचटणी

पक्या, पहिली फाईल माझी. सिबिल विचारू नको.

कुर्डुवाडी_जंक्शन

उशिरा आलो, क्षमस्व. एक प्रश्न : माझं गाडीचं कर्ज फिटून दोन वर्षं झाली, आरसीवर बँकेचं नाव तसंच आहे. आता गाडी विकायची आहे. बँकेनं तेव्हा दिलेली एनओसी घरात आहे. ती चालेल का?

जुनाखाते

बहुधा नाही. आरटीओसाठीच्या एनओसीला साधारण तीन महिन्यांची मुदत असते, वरची तारीख बघा. बँकेकडून नवी घ्या, सोबत बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ (आरसीवरचा बोजा उतरवायचा अर्ज) दोन प्रतींत. आरसी, चालू विमा आणि पीयूसी जोडून अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावर करता येतो. कुर्डुवाडी असल्यानं गाडी एमएच १३ आहे की अकलूजची एमएच ४५, ते बघून कार्यालय निवडा. आणि विम्याच्या पॉलिसीवरचं बँकेचं नावही आठवणीनं काढून घ्या. ते लोक विसरतात, आणि गाडी टोटल लॉस झाली की चेक बँकेच्या नावानं निघतो.